सिनेमाच्या खाली सरकलेलं नाव

जाहिरात केली की धंदा वाढतो, एवढंच मला बाविसाव्या वर्षी कळत होतं. धंद्याबरोबर आणखी काय काय होतं, ते कळायला एका मुलीचं ठरत आलेलं लग्न पणाला लागावं लागलं. ती मुलगी पळसदेवची. माझा तिचा काडीचा संबंध नव्हता, मी तिला पाहिलंही नव्हतं. आमचं इंदापुरात गाद्यांचं दुकान होतं आणि तिच्या आईनं तिच्यासाठी दोन गाद्या करायला टाकल्या होत्या, एवढंच.

आम्ही पिंजारी. आजोबा खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरायचे, लोकांच्या अंगणात बसून जुना कापूस पिंजून द्यायचे. अब्बांनी बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत गाळा घेतला, पिंजायचं मशीन आणलं, आणि ते फिरणं थांबलं. आता गावंच आमच्याकडे यायची. आमच्या भागात मुलीच्या रुखवतात गादी नाही, असं लग्न त्या काळी व्हायचं नाही. चार भांडी कमी चालतील, कपाट नसलं तरी चालेल, पण गादी पाहिजे म्हणजे पाहिजे. लग्नसराईच्या तीन-चार महिन्यांवर आमचं वर्ष निघायचं. तेवढे महिने अब्बांच्या भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळीवर कायम कापूस. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "चाचा, तुमी तर बसल्या जागी म्हातारं झाला की वो!"

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. बारामतीत फोमच्या गाद्यांचं मोठं दुकान निघालं. काचेचं दार, आत चार-चार पंखे, गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून भिंतीला उभ्या केलेल्या. मी मुद्दाम एसटीनं जाऊन बघून आलो होतो. त्यांची रिक्षा भोंगा लावून आमच्या तालुक्यात फिरायला लागली. 'ना गुठळी, ना ढेकूण, ना पिंजण्याची कटकट!' ही पिंजण्याची कटकट म्हणजे आम्ही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती रिक्षा दोन मिनिटं जास्त थांबते, असं मला वाटायचं. माझं डोकं असं सणकायचं की काय सांगू! एकदा तर गाद्या शिवायचं दाभण घेऊनच मी बाहेर पडलो, टायरात घालायला. अब्बांनी मागून शर्ट धरला.

"त्याचं पोट हाय त्यात," ते म्हणाले. "वरडू दे की. आपल्याला वरडायची गरज न्हाय. आपली गादी ज्याच्या घरात हाय, त्यो सांगतो पाव्हण्याला."

"पाव्हणा आता टीव्ही बघतो, अब्बा. त्याला सांगायला कुणाला वेळ आहे?"

अब्बा हसले आणि मशीनवर जाऊन बसले. हसण्यासारखं काही नव्हतं. होळी उलटली तरी निम्म्या खोळी रिकाम्या पडून होत्या.

इंदापुरात तेव्हा केबल आली होती. केबल चालवणारा माझ्याच वर्गातला. दुपारी एक सिनेमा, संध्याकाळी एक, आणि सिनेमा चालू असताना खाली सरकती पट्टी. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुकानाचं उद्घाटन, कुणाची हरवलेली शेळी, सगळं त्या पट्टीवर. मी त्याच्याकडे जाहिरात दिली. 'उत्तम प्रतीच्या कापसाच्या गाद्या योग्य दरात मिळतील.' आठ दिवस पट्टी सरकत राहिली. एक माणूस दुकानात फिरकला नाही. पट्टीवाल्या मित्राला मी शिव्या घातल्या. तो म्हणाला, "सरकवायचं काम माझं. वाचायचं पण मीच का?"

मग एका दुपारी माझं लक्ष अम्मीकडे गेलं. सिनेमात ऐन रडारड चालली होती, अम्मीचा पदर डोळ्याला लागलेला, आणि खाली वाढदिवसाची पट्टी आली. अम्मीनं पदर खाली घेतला. "अगं, ही तर आपल्या शेजारणीची नात! आत्ता पाच वर्षांची झाली व्हय?" तिनं पट्टी शेवटपर्यंत वाचली आणि मग परत रडायला घेतलं. आमच्या गाद्यांची पट्टी तिनं आठ दिवसांत एकदाही वाचली नव्हती. सख्ख्या मुलाची जाहिरात! पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लोकांना माल वाचायचा नसतो, ओळखीचं माणूस वाचायचं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पट्टीवर गिऱ्हाइकांची नावं घालायला लागलो. 'सणसर येथील श्री. अमुक अमुक यांच्या कन्येच्या शुभविवाहासाठी गाद्या आमच्याकडून. मऊ गादी, सुखी संसार.' सुखी संसार हा माझा शोध, त्याचा मला फार अभिमान होता.

आणि काय चमत्कार! आठवड्यात दुकानासमोर माणसं उभी राहायला लागली. वडगाव निंबाळकरचे एक आबा आले, त्यांच्या व्याह्यांचं नाव पट्टीवर आलं होतं म्हणून. "त्येंचं नाव दोनदा सरकलं म्हनं. आमचं तीनदा पायजे." एकानं एक उशी घेतली आणि पट्टीसाठी पाच नावं लिहून दिली, त्यात मेव्हण्याचंही. मी म्हटलं, तात्या, एका उशीवर पाच डोकी कशी मावायची? ते म्हणाले, "मंग दोन उशा कर." ज्यांच्या गावात केबल नव्हती ते इंदापुरातल्या पाहुण्यांकडे मुद्दाम सिनेमाच्या वेळेला येऊन बसायचे. आपल्याकडे लग्नपत्रिकेत चुलतचुलत्याचं नाव राहिलं तर वर्षभर अबोला धरतात, तिथं टीव्हीवर नाव म्हणजे केवढी गोष्ट!

आता माझी मुलगी दुकान बघते. फोनवर गिऱ्हाइकांचे गादीवर बसलेले फोटो टाकते, त्याखाली लोक हात जोडतात, बदाम पाठवतात, आणि तिला वाटतं हे तिच्या पिढीनं काढलं. मी काही बोलत नाही. माणसाला आपलं नाव चारचौघांत बघायची भूक किती असते, ते मी इंदापुरात एका फुटाच्या पट्टीवर बघून चुकलोय. त्या भुकेवर धंदा चालतो हे खरं, आणि मी तो चालवला. फक्त ती भूक सगळ्यांना नसते, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

अब्बांची एक पद्धत होती. काम आलं की गादीच्या कापडाला टाचणीनं चिठ्ठी लावायची. नाव, गाव, लग्न कधी. मी रोज दुपारी त्या चिठ्ठ्यांवरून नावं उतरवून केबलवाल्याकडे न्यायचो. चैत्रात एक दिवस एका खोळीवर चिठ्ठी दिसली, तिच्यावर नुसतं 'पळसदेव'. ना नाव, ना लग्नाची तारीख. शेजारी पोत्यात गिऱ्हाइकानं घरच्या झाडाचा आणलेला सावरीचा कापूस, नुकत्याच फुटलेल्या बोंडांचा, रेशमासारखा. असा कापूस मी वर्षभरात बघितला नव्हता. मला वाटलं, अब्बा थकले, लिहायचा कंटाळा करायला लागले. इतकी झकास गादी आणि तिला नाव नाही? माझा जीव जळला.

अब्बा मालासाठी बाहेर गेले होते. दुपारी पळसदेवच्या दुधाचा टेम्पोवाला चौकात चहा पीत होता, त्याला गाठलं. म्हटलं, तुमच्या गावात सावरीचं झाड कुणाच्या बांधावर आहे? त्यानं चटकन नाव सांगितलं. धरणाच्या पाण्यामुळे गाव वर हललं तेव्हा लावलेलं झाड, अख्ख्या शिवारात तेवढं एकच. त्या घरात लग्नाची मुलगी आहे का? आहे की, एकच आहे. झालं! मी स्वतःवर खूश झालो. संध्याकाळच्या सिनेमाला पट्टी सरकली. 'पळसदेव येथील श्री. अमुक अमुक यांच्या कन्येच्या शुभविवाहासाठी अस्सल सावरीच्या गाद्या आमच्याकडून.' दुसऱ्या दिवशी दोन्ही सिनेमांना परत.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. मशीनचा आवाज चालू होता. त्या आवाज थांबेपर्यंत थांबल्या. मग आत येऊन अब्बांना म्हणाल्या, "भाऊ, मी तुमाला काय सांगितलं हुतं?"

अब्बा गोंधळले. "बोलायचं न्हाय म्हनला हुता. मी कुनाला न्हाय बोललो. घरात सुदीक न्हाय."

"मंग टीव्हीवर कसं आलं?"

अब्बा टीव्ही बघत नसत. पट्टीवर नावं जातात हे त्यांना ठाऊक होतं, पण कुणाकुणाची ते विचारायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात दाभण होतं, ते खाली ठेवायचंही मला सुचेना.

बाई पोत्यावर टेकल्या. चढा आवाज नाही, रडणं नाही, एकेक सांगत गेल्या. सणसरचं स्थळ होतं. एके काळी मेंढरं राखणारं घर, आता ऊस, आणि मुलगा साखर कारखान्यात कामाला. दोनदा मुलगी बघून गेले होते, आखितीला, अक्षय्य तृतीयेला सुपारी फोडू म्हणाले होते. पण सुपारी फुटायची होती. तोपर्यंत ओठातून शब्द काढायचा नाही ही आपल्याकडची रीत, आणि या घराला तर जास्तच धाक. दोन वर्षांपूर्वी त्याच मुलीचं एक लग्न ठरता ठरता गावभर झालं आणि मोडलं होतं. मग गाद्या एवढ्या आधी कशाला टाकल्या? तर सावरीची बोंडं चैत्रात फुटतात आणि वेचली नाहीत तर कापूस वाऱ्यावर जातो. झाड काही सुपारीसाठी थांबत नाही.

"त्यांची आत्या हितं इंदापुरात हाय," बाई म्हणाल्या. "तिनं वाचलं. काल निरोप आला, आमी हो म्हनायच्या आधीच टीव्हीवर जाहीर करताय, आमचा गळा धरताय व्हय?"

आणि मी, अक्कलशून्य, काय म्हणालो असेन? "पण मावशी, त्यात वाईट काय होतं? शुभविवाह असंच लिहिलं होतं."

"गप!" अब्बा ओरडले. जन्मात पहिल्यांदा त्यांचा तो आवाज मी ऐकला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी ज्याचं नाव न्हाय लिवत, ते इसरून न्हाय लिवत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच माझं डोकं दुसरीकडे धावलं. म्हटलं, आजच पट्टी टाकतो, कालची जाहिरात चुकून आली, कोणाचा गैरसमज नसावा. अब्बा म्हणाले, "म्हंजी ज्यांनी वाचलं न्हाय, त्यांनी बी वाचावं?" पट्टी एकदा सरकली की ती मागं ओढता येत नाही, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी दुकान बंद ठेवलं, ऐन लग्नसराईत, आणि मला घेऊन बारामतीच्या एसटीत बसले. सणसरला उतरलो. विचारत विचारत मुलाच्या घरी गेलो. जुन्या मेंढरांच्या वाड्याच्या जागी ट्रॅक्टर उभा होता. मुलाचे चुलते घरात कर्ते. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. अब्बांनी मला पुढं केलं. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, टेम्पोवाला, सावरीचं झाड, काही लपवलं नाही.

"तू वळखतो त्या पोरीच्या बापाला?" चुलत्यांनी विचारलं.

"नाही."

"कधी बघितलाय?"

"नाही."

"आन् नाव टाकलंस टीव्हीवर. शाबास!" ते अब्बांकडे बघून कसनुसे हसले. "म्हंजी त्या माणसांची चूक न्हाय. आमी उगाच त्यांस्नी बोललो."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. चहा आला. मी मनात आखितीची सुपारीसुद्धा फोडून टाकली. तेवढ्यात चुलते बशी खाली ठेवून म्हणाले, "पर चाचा, खरं सांगू का? दोन दिसांत चार माणसं येऊन गेली आमच्याकडं. पट्टी वाचून आल्याली. त्यातल्या एकानं सांगितलं, ह्या पोरीचं आधी एक मोडलंय. आमाला ठावं न्हवतं."

"मोडलं त्यात पोरीचा काय दोष?" अब्बा म्हणाले.

"आजाबात न्हाय. का मोडलं त्ये बी कुनाला सांगता येईना. पर पोराची आई आडून बसलीया. बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. अब्बांनी हात जोडले आणि आम्ही उठलो.

परतीच्या एसटीत अब्बा खिडकीबाहेर ऊस बघत बसले होते. मी वाट बघत होतो, कधी एकदा बोलतात, कधी एक मुस्कटात देतात. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "तू खोटं काय लिवलं न्हाईस. त्या मानसांनी बी खोटं काय सांगितलं न्हाय." मुस्कटात बसली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. मला तेव्हा कुणी खोटं ठरवलं असतं तर मी भांडलो असतो. खऱ्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

स्थळ मोडलं. आणि याहून वाईट सांगू? त्याच आठवड्यात तीन जण दुकानात आले. "ती पळसदेववाल्यांची सावरीची गादी टीव्हीवर आलती न्हवं, तसली पायजे." जाहिरात लागू पडली होती! मी कामं घेतली, मान खाली घालून चिठ्ठ्या लावल्या. पट्टी मी बंद केली. अब्बांनी सांगितलं म्हणून नाही, केबलवाल्याच्या घराकडे माझे पायच वळेनात. ज्यांची नावं यायची राहिली होती ते रुसले, एक जण तर काम परत घेऊन बारामतीच्या फोमकडे गेला. अब्बांनी त्याला जाऊ दिलं.

पळसदेवच्या गाद्या अब्बांनी स्वतः शिवल्या. एक टाका मला घालू दिला नाही. आठ-दहा दिवसांनी मावशी त्या न्यायला आल्या, दुधाच्या टेम्पोतून. या वेळी बरोबर एक मुलगी होती. एकोणीस-वीस वर्षांची, सावळी, केसाला घट्ट वेणी. कुणी सांगितलं नाही तरी मी ओळखलं. जिचं लग्न मी परस्पर टीव्हीवर लावून मोकळा झालो होतो, तिला मी पहिल्यांदाच बघत होतो.

मी मनात आठ दिवस घोकून ठेवलेलं होतं. पुढं झालो, मावशींसमोर हात जोडले. "मावशी, माझं फार चुकलं. मला माफ करा."

"जाऊ दे बाबा," मावशी म्हणाल्या. "व्हायचं ते झालं."

मुलगी गादीच्या शिवणीवरून बोट फिरवत होती. तिनं मान वर केली. "माफी आईची का मागताय?" ती म्हणाली. "लगीन माझं हुतं."

अब्बांनी मशीन बंद केलं.

"पट्टी मी बी वाचली. मामाच्या घरी आलते हितं. आमच्या वडलांचं नाव, आमच्या गावाचं नाव, तुमच्या दुकानाचं नाव. आन् मी नुसती कन्या." तिचे डोळे कोरडे होते. "सणसरला जाऊन आलात म्हनं. त्येंच्या चुलत्याला भेटलात. आमचं गाव त्येच्यापरीस जवळ हाय."

"पोरी," मावशी तिला दंडाला धरून म्हणाल्या, "पुरे."

"पुरेच हाय," ती म्हणाली.

खरं होतं. सणसरला हात जोडले, मावशींपुढे जोडले, अब्बांच्या पाया पडलो होतो. पळसदेवला जावं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो, "चुकलं, ताई," असंच असेल. तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे. तिनं गादीचं एक टोक उचललं, मावशींनी दुसरं. मी हात लावायला गेलो तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." दोघींनी दोन्ही गाद्या टेम्पोत चढवल्या, दुधाच्या रिकाम्या कॅनशेजारी, आणि टेम्पो गल्लीतून वळून हमरस्त्याला लागला.

तो दिसेनासा झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी तिला तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.